खाच पडलेला वस्तरा

वस्तरा हातातून सुटतो तो बहुधा दाढी उरकल्यावर. तोवर सगळं लक्ष धारेवर असतं. मग पातं धुताना, पुसताना बोटं साबणाने बुळबुळीत झालेली असतात आणि मन पुढच्या कामाला लागलेलं असतं. पातं नळाच्या तोटीला लागतं, पाण्याच्या वाटीवर आपटतं, नाहीतर सरळ शहाबादी फरशीवर पडतं. आवाज फारसा होत नाही. उजेडात धरून पाहिलं तरी कधीकधी काहीच दिसत नाही. पण अंगठ्याचं नख ओलं करून त्यावरून धार अलगद, नुसत्या पात्याच्या वजनाने ओढली की एका जागी ती अडकते. नखाला बारीकसा हिसका बसतो. तिथेच खाच पडलेली असते.

ही खाच अर्ध्या मिलिमीटरची असली तरी खूप झाली. पण ती भरून काढता येत नाही. फुटक्या घागरीला डाग देता येतो, फाटल्या धोतराला रफू करता येतं. धारेला ठिगळ नसतं. शिवाय खाचेपुरतं पोलाद घासूनही भागत नाही, कारण मग तिथे खोलगट कमान पडते आणि ती गालाला कधी टेकतच नाही. खाच जेवढी खोल, तेवढी टाचेपासून टोकापर्यंतची अख्खी धार मागे न्यावी लागते. एका क्षणाच्या चुकीपायी पात्याच्या सगळ्या लांबीचं पोलाद जातं.

वस्तऱ्याचा इतिहास एरवी पोलादाच्या आणि कारखानदारांच्या अंगाने सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. वस्तरा विकत घेतला जाई आयुष्यात एकदा, फार तर दोनदा. त्याची धार मात्र रोज मरत असे आणि रोज जिवंत करावी लागे. दगड, चामडं आणि ते दोन्ही चालवणारा हात यांच्याशिवाय वस्तरा म्हणजे लोखंडाची पट्टी.

आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांना हे पक्कं ठाऊक होतं. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात देवाकडे मागणं आहे की वस्तऱ्याला लावतात तशी आम्हाला धार लाव. म्हणजे प्रार्थना करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नुसतं पातं नव्हतं, धार लावण्याचं काम होतं. बौद्धांच्या विनयपिटकात तर चक्क यादीच आहे. भिक्षूंना केस वाढवायचे नसतात, म्हणून चुल्लवग्गात त्यांना जवळ काय बाळगायची परवानगी आहे ते सांगितलं आहे: वस्तरा, वस्तऱ्याचा दगड, वस्तऱ्याचं म्यान आणि नमद्याचा तुकडा. अंगावरच्या चिवराचाही हिशेब ठेवणाऱ्या संघाने वस्तऱ्याबरोबर दगड दिला, कारण दगडाशिवाय दिलेला वस्तरा चार मुंडनांत निरुपयोगी झाला असता. बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, तेव्हा हा विनय ज्याने मुखोद्गत सांगितला तो उपाली मूळचा शाक्यांचा न्हावी होता. या यादीत अंदाजाने लिहिलेलं काही नसावं, हे त्यावरून कळतं.

मराठी मुलखात न्हाव्याच्या धोकटीत हाच संसार असे. वस्तरे दोन-तीन, कातर, नखं काढायची नराणी, आरसा, वाटी आणि एक गुळगुळीत दगड. कुणी त्याला निसणा म्हणे, कुणी सहाण. बलुतेदाराला वर्षाच्या शेवटी धान्य मिळायचं, म्हणजे वस्तऱ्याला खाच पडली तर दुरुस्तीचा खर्च आणि वेळ त्याच्याच पदरचा. गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसे. झाडाखाली बसलेला माणूस हनुवटी वर करून डोळे मिटायचा आणि न्हावी पातं तळहातावर दोन-चार वेळा उलटंसुलटं फिरवून कामाला लागायचा. तो तळहात म्हणजेच त्याचा चामड्याचा पट्टा.

याच जुन्या वस्तऱ्याने पुण्याजवळ अठराव्या शतकाच्या अखेरीस एक काम केलं, ज्याची दखल सगळ्या युरोपच्या वैद्यकाने घेतली. कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान इंग्रजी फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडलं आणि त्याचं नाक व एक हात कापला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी सोडवून, ती खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, हे पाहायला हजर होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिगत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने वीस वर्षांनी, 1814 च्या ऑक्टोबरात, लंडनमध्ये तसंच नाक करून दाखवलं आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. या हिंदी पद्धतीची वर्णनं त्याने पुस्तकात एकत्र केली आहेत. त्यांत एक तपशील वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटतो: हत्यार म्हणून जुना वस्तरा वापरला जात होता, कातडी सोडवताना त्याची धार सारखी मरत होती आणि घडोघडी ती पुन्हा लावून घेतली जात होती.

हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यासारखं आहे. माणूस शुद्धीवर आहे, कपाळाची कातडी अर्धी सुटली आहे, आणि कामगार हात थांबवून पातं दगडावर फिरवतो आहे. बोथट पात्याने कातडी फाटते, चिरली जात नाही. आणि फाटलेली कड जुळत नाही. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कपाळाच्या कातडीचं कौतुक होतं ते रास्तच आहे. त्या दगडाचं मात्र कुणी नाव घेत नाही.

आणखी एक गोष्ट मुंबईहून लंडनला गेली, तीही त्याच 1794 साली. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना इथल्या पोलादाचे गोळे पाठवले. दक्षिणेत बंद मुशीत शिजवलेलं हे पोलाद इंग्रजीत ‘वूट्झ’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कानडीतल्या ‘उक्कु’ या शब्दाचा तो अपभ्रंश मानतात. जॉर्ज पिअर्सन यांनी 1795 मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि शीर्षकातच ते ‘मुंबईत तयार होणारं’ पोलाद ठरवून टाकलं. मुंबई त्या मालाचं बंदर होती, भट्ट्या होत्या दख्खनच्या पठारावर आणि त्याच्या दक्षिणेला. हे पोलाद घडवून पाहायचं काम जेम्स स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिराकडे गेलं. तो शस्त्रक्रियेची हत्यारं आणि वस्तरे करायचा. वूट्झ त्याला इतकं आवडलं की आपल्या दुकानाच्या जाहिरातपत्रावर त्याने छापलं: आपल्याकडचे वस्तरे आणि हत्यारं या हिंदुस्थानी पोलादाची मिळतील, आणि वर्षानुवर्षं ताडून पाहिल्यावर युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा ते आपल्याला सरस वाटतं.

स्टोडार्टचा पुढचा सोबती होता मायकेल फॅरडे. विजेच्या शोधांनी जगभर नाव होण्याआधी फॅरडे 1819 च्या सुमारापासून स्टोडार्टबरोबर पोलादाच्या मिश्रणांवर राबत होता. वूट्झमध्ये असं काय आहे की त्याची धार टिकते, हा त्यांचा सुरुवातीचा प्रश्न. पोलादात चांदी, ऱ्होडियम, प्लॅटिनम असं एकेक मिसळून ते पाहत गेले. चांदीचं प्रमाण पाचशे भागांना एक भाग असं निघालं. त्यांचे निबंध 1820 आणि 1822 मध्ये छापले गेले आणि नव्या मिश्रणांचे वस्तरे फॅरडेने मित्रांना भेट दिले. विज्ञानाच्या इतिहासात या कामाकडे फसलेला उद्योग म्हणून पाहतात, पण मिश्रपोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात इथूनच धरावी लागते. आणि तिच्या मुळाशी प्रश्न होता तो वस्तऱ्यापुढचाच: पोलाद इतकं कडक हवं की धार वाकू नये, आणि इतकं चिवट हवं की धार तुटू नये.

हा पेच इंग्लंडात पाऊणशे वर्षं आधीच सुरू झाला होता. बेंजामिन हंट्समन हा डॉनकॅस्टरचा घड्याळजी. कमानींसाठी एकजिनसी पोलाद मिळेना, म्हणून 1740 च्या दशकात शेफील्डजवळ त्याने मुशीत पोलाद पूर्ण वितळवायची रीत बसवली. शेफील्डच्या चाकू-सुऱ्या करणाऱ्यांनी ते नाकारलं. फार कडक, घडवायला त्रासाचं. हंट्समनने माल फ्रान्सला विकला. फ्रेंच वस्तरे इंग्लंडच्या बाजारात येऊ लागले तेव्हा शेफील्डकर जागे झाले, असं सांगतात. त्यानंतर शंभर वर्षं शेफील्डचा वस्तरा जगभर गेला.

पण पोलाद जितकं कडक, तितकी खाच पडायची भीती जास्त. मऊ पात्याची धार वाकते, आणि वाकलेली धार चामड्यावर सरळ होते. कडक पात्याची धार वाकत नाही, तिचा टवका उडतो. चांगल्या वस्तऱ्याच्या मालकाला म्हणून दगडवाल्याची गरज जास्त पडू लागली. लंडनच्या कारागिरांच्या जाहिरातपत्रांवर नव्या मालाच्या यादीखाली एक ओळ हमखास असे, वस्तरे घासून व धार लावून मिळतील. फ्रान्समध्ये ज्याँ-झाक पेरे या कारागिराने 1769 मध्ये स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर पुस्तक लिहिलं, त्यात दगड आणि पट्टा यांची चर्चा आहेच. लंडनचा जॉर्ज पॅकवुड धार लावायचे पट्टे आणि मलम विकून इतका गाजला की वर्तमानपत्रांतल्या आपल्या जाहिरातींचं त्याने 1796 मध्ये पुस्तकच काढलं. जाहिरातकलेचे अभ्यासक आजही त्याचं नाव घेतात.

दुरुस्तीचं मोठं काम शेफील्डच्या सराणेवर होई. पोर्टर नदीच्या काठी ‘शेफर्ड व्हील’ नावाचं पाणचक्कीवरचं जुनं घर अजून उभं आहे. आत वालुकाश्माची चाकं ओळीने बसवलेली. कामगार लाकडी बैठकीवर घोड्यावर बसावं तसा चाकाच्या मागे बसून, वाकून पातं चाकावर दाबायचा. वस्तऱ्याला आकार देण्याचा काही भाग कोरड्या दगडावर चाले आणि दगडाची व पोलादाची भुकटी थेट छातीत जाई. शेफील्डमध्ये त्या रोगाला घासणाऱ्यांचा दमा असंच नाव पडलं होतं. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी 1843 मध्ये या रोगावर पुस्तक लिहिलं. काटे घासणारे कामगार सर्वांत लवकर मरत, आणि वस्तरे घासणाऱ्यांचं आयुष्यही तोकडंच असे. गुळगुळीत गालांचं ते शतक या फुप्फुसांच्या जिवावर गुळगुळीत होतं, हे विसरता येत नाही.

सराणेचं आणखी एक दुखणं होतं. चाकावर पातं जरा जास्त दाबलं की धारेजवळचं पातळ पोलाद तापतं. दोनशे-सव्वादोनशे अंशांना त्यावर गवती पिवळा रंग चढतो, तीनशेच्या आसपास निळा. निळी झालेली धार मेली म्हणायची. तिथलं पाणी उतरलेलं असतं. मग निळं पोलाद संपेपर्यंत मागे घासत जाण्यावाचून इलाज नाही. म्हणून जाणता कारागीर खाचेचं शेवटचं काम चाकावर करत नाही, आडव्या दगडावर करतो.

ते काम असं चालतं. खाच बारीक असेल तर पातं खरबरीत दगडावर आडवं टेकवायचं. इथे वस्तऱ्याच्या घडणीत एक सुंदर सोय आहे: पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात. सुरी घासताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याची जाड पाठच तो सांभाळते, साधारण सोळा-सतरा अंशांचा. वर्षानुवर्षं घासून पातं अरुंद होतं तशी पाठही झिजते, आणि कोन जवळपास तोच राहतो. दगडावर पातं धार पुढे ठेवून सरकवायचं, टोकाशी पाठीवर उलटवायचं आणि परत आणायचं. चामड्यावर नेमकं उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. चुकून उलट झालं तर पट्टा चिरतो आणि धारही जाते.

खाच खोल असेल तर पहिला उपाय पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारा असतो. पातं दगडावर उभं धरायचं आणि पाव कापावा तशी धार सरळ दगडावर ओढायची. दोन-चार वेळा ओढलं की होती ती धारही गेली. कड सपाट झाली आणि खाचही संपली. आता धार नव्याने उभारायची. अर्धा-पाऊण तास खरबरीत दगडावर, पाणी टाकत, दाब हळूहळू कमी करत. मधूनच पातं दिव्याखाली धारेकडून पाहायचं. जिथे पांढरी चमकती रेघ दिसते तिथे अजून सपाटी आहे. खऱ्या धारेवर उजेडाला टेकायला जागाच नसते, म्हणून धार तयार झाली की ती दिसेनाशी होते. मग बारीक दगड, मग त्याहून बारीक, आणि शेवटी चामडं. घाई करणारा माणूस फक्त खाचेच्या आसपास घासतो, आणि पात्याचा मधला भाग आत गेलेला राहतो. अशा वस्तऱ्याची कड उदास ओठांसारखी खाली वळलेली दिसते. जुन्या बाजारात तसे वस्तरे बरेच सापडतात.

शेवटच्या बारीक दगडासाठी युरोपात एक नाव सर्वतोमुखी होतं. बेल्जियमच्या आर्देन भागात, सालमशातो आणि व्हिएलसामच्या परिसरात, निळ्या पाटीच्या दगडात फिकट पिवळ्या दगडाची बारीक शीर सापडते. तिला कोटिक्यूल म्हणतात. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म कण आहेत, काही मायक्रॉनचे. हे कण बहुपैलू, जवळजवळ गोल असतात, त्यामुळे पोलादावर खोल ओरखडे काढत नाहीत. उथळ खरवडत जातात. शीर इतकी पातळ की पिवळी चकती निळ्या पाटीवर चिकटवून विकावी लागे. आपल्याकडे दागिने आणि हत्यारं घासायला कुरुंद वापरत. इंग्रजीतलं त्याचं ‘कोरंडम’ हे नाव तमिळमार्फत इथूनच गेलं, आणि 1798 मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या आशियाई दगडावर निबंध लिहिला. कुरुंद कापतो जलद, पण गालावर चालणाऱ्या धारेचा शेवटचा हात त्याच्या भरड पुडीने देता येत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीच्या सोलिंगेनने पात्याच्या दोन्ही बाजू खोल पोखरून कागदासारखं पातं काढलं. दाढीच्या खुंटांवरून जाताना ते बारीक आवाजात गाऊ लागे. धार लावायला सोपं, पण नळाला टेकलं की त्याचा तुकडाच निघणार.

आणि धार मरायला अपघातच हवा असं नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानलुका रोशोली, जेम तासान आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडने केस कापून पाहिले. 2020 मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. पोलादापेक्षा केस पन्नासपट मऊ, तरी तो धारेचा टवका काढू शकतो. केस तिरका वाकून धारेवर एका बाजूने ओढ देतो आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते तिथे बारीक तुकडा निघतो. डोळ्याला न दिसणाऱ्या खाचा प्रत्येक दाढीत पडत असतात. त्यावरचा जुना उपाय म्हणजे पाणी. केस पाण्याने फुगतो, मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. 1937 मध्ये अमेरिकन संशोधकांनी हे मोजून दाखवलं. मराठीत बिनपाण्याने हजामत हा वाक्प्रचार ज्याची होते त्याच्या यातनेसाठी वापरतात. वस्तऱ्यालाही ती तितकीच लागते.

जिलेटने या सगळ्या कामावर जो उपाय काढला तो धारेचा नव्हता, दुरुस्तीचा होता: दुरुस्ती करूच नये. किंग कॅम्प जिलेटची कंपनी 1901 मध्ये निघाली. 1903 मध्ये तिचे 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांपुढे गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने 35 लाख रेझर आणि 3 कोटी 20 लाख ब्लेडं घेतली. खंदकातून घरी परतलेल्या पोरांना बापाच्या वस्तऱ्याला धार लावायला कुणी शिकवलंच नाही. जिलेटचं ब्लेड उत्तम वस्तऱ्यापेक्षा धारदार होतं असं नाही. ते पडलं, खाच पडली, की फेकता येत होतं. त्याच्या नफ्याचा पाया तोच.

महाराष्ट्रात या बदलाला आपला असा एक वळसा मिळाला. न्हाव्याने वस्तरा सोडला नाही, फक्त त्यातली धार बदलली. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचं आणि अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला ठेवायचं. हाताची पकड, मनगटाची वळणं, कानामागची ती अवघड जागा, सगळं जुनंच. 1990 च्या दशकात एड्सच्या धास्तीने गिऱ्हाइकं नवं ब्लेड डोळ्यांसमोर काढायला सांगू लागली, आणि धोकटीतला दगड कायमचा मागे पडला. आरोग्याच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, त्याबद्दल दुमत नको. पण बोटांत मुरलेली विद्या एका पिढीत गेली. आजचा तरुण कारागीर ब्लेड बसवण्यात पटाईत आहे; नखावर धार ओढून खाच कुठे आहे ते ओळखायला त्याला कधी सांगावंच लागलं नाही.

अजूनही कुठे एखाद्या घरात जुनी धोकटी निघते. चामडं कडक झालेलं, नराणी गंजलेली, आणि तळाशी दगड. हातात घेऊन कडेकडून पाहिला तर मधोमध खोलगट, होडीसारखा झिजलेला असतो. असा दगड तसाच वापरला तर पातं सपाट टेकत नाही आणि नव्या खाचेपेक्षा मोठं नुकसान होतं. म्हणून धार लावायला बसण्याआधी दगडावर पाणी टाकून, त्यावर दुसरा दगड गोल गोल घासून, तो सपाट करून घ्यावा लागतो. आर्देनमध्ये आज कोटिक्यूल काढतात आणि उघड्या वस्तऱ्याने दाढी करणारे हौशी लोक जगभरातून मागवतात. मोठ्या दगडाबरोबर त्याच शिरेतला आगपेटीएवढा एक लहान तुकडाही घेतात. मोठ्यावर पाणी टाकून तो घासला की दुधासारखा पांढुरका गाळ सुटतो, आणि पातं त्या गाळावरून फिरवायला लागतात.